वयाची वजाबाकी

रविवारचे वर्तमानपत्र हातात आले की मी अग्रलेखाच्या आधी 'वधू पाहिजे', 'वर पाहिजे' वाचते. हसू नका. समाजाचा खरा अग्रलेख त्याच पानावर असतो, आणि तो पदरचे पैसे मोडून छापलेला असल्यामुळे त्यात उगाच सजावट नसते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या पानावर बरेच काही बदलले. 'जातीची अट नाही' असे लिहिणारे निघाले. 'घटस्फोटित चालेल' आले. 'पत्रिका पाहत नाही' हेही अधूनमधून दिसते. एक अट मात्र जागची हललेली नाही. वर ३० चा असेल तर वधू २५ ते २८. वधू ३२ ची असेल तर वर ३३ ते ३८. मुलगी मोठी चालेल असे लिहिणारी एकही जाहिरात मला आजवर त्या पानावर आढळलेली नाही.

हा लेख त्या अटीविरुद्ध आहे. त्यात माझा स्वार्थ आहे आणि तो आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणी 'तरीच!' म्हणायला नको. मी ४५ वर्षांची आहे. सरकारी कचेरीत कारकून आहे. आईवडिलांची आजारपणे काढता काढता माझे लग्न राहून गेले. गेली दोन वर्षे मी माझ्याहून आठ वर्षांनी लहान असलेल्या एका पुरुषाबरोबर फिरते. आताची मुले याला डेटिंग म्हणतात. आमच्या कॉलेजच्या दिवसांत 'फिरणे' म्हणायचे. त्याआधीच्या पिढीत काहीच म्हणत नसत, कारण म्हणण्याची सोयच नव्हती. तो संवादिनी वाजवतो, भजनांना आणि नाट्यगीतांच्या कार्यक्रमांना साथ करतो, चार मुलांना शिकवतो. आम्ही नाटकाला जातो, मिरामारला चालतो, चवथीला एकमेकांच्या घरी जातो. एवढेच आमचे 'प्रकरण'!

आता या एवढ्याशा गोष्टीला आमच्या आजूबाजूची मंडळी कोणते शब्द वापरतात ते पाहा. शेजारच्या काकी दारात उभ्या राहून विचारतात, "तो तुज्यापरस ल्हान न्हय गो?" एका नाटकाच्या मध्यंतरात त्याच्या ओळखीचे एक गृहस्थ चहाचा कप घेऊन आले आणि त्याला म्हणाले, "वा, ताईंना घेऊन आलात!" मी चाळीस पैशांचेही उत्तर दिले नाही. पण घरी येईपर्यंत तो शब्द डोक्यात घोळत राहिला. आपल्याकडे वयाने मोठ्या बाईला एखादे नाते चिकटवल्याशिवाय लोकांना चैन पडत नाही. ताई, मावशी, काकी, काहीही चालेल. ती नुसती बाई असून चालत नाही. वयाने मोठा पुरुष मात्र पुरुषच राहतो. त्याला कुणी 'दादांना घेऊन आलात' म्हणत नाही.

माझ्या कचेरीतले उदाहरण देते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका विधुर सहकाऱ्याने दुसरे लग्न केले. ते ५४, वधू ३६. फरक १८ वर्षांचा. कचेरीत पेढे वाटले गेले. "एकटा माणूस किती दिवस काढणार?" "घराला घरपण आले." सगळ्यांनी अभिनंदन केले, मीही मनापासून केले, कारण दोघे सज्ञान आहेत आणि सुखात आहेत. त्याच टेबलांवरून माझ्याबद्दल जे बोलले जाते ते असे : "पोराच्या वयाचा आहे हो!" आठ वर्षांचा फरक! आठव्या वर्षी कुणाला पोर झाल्याचे मी ऐकलेले नाही. पण बाई मोठी असली की गणित कच्चे होते, हे त्या दिवशी कळले. १८ ची वजाबाकी कुणाला दिसत नाही आणि ८ ची वजाबाकी साऱ्या मजल्याला तोंडपाठ असते.

मग मी विचार करू लागले, की ही अट मुळात आहे तरी कशासाठी? 'रीत आहे' हे उत्तर मला पुरत नाही. फाईलवर 'पूर्वीपासून असेच आहे' असा शेरा मारून चालत नाही, कोणत्या नियमाखाली ते लिहावे लागते.

नियमापासूनच सुरुवात करू. १९२९ च्या शारदा कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात लग्नाचे किमान वय मुलासाठी १८ आणि मुलीसाठी १४ ठरवले. (तेव्हा आपला गोवा पोर्तुगीजांकडे होता.) १९७८ च्या दुरुस्तीने ते मुलासाठी २१ आणि मुलीसाठी १८ झाले, आणि २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने तेच कायम ठेवले. मत द्यायला दोघांनाही १८. करार करायला दोघांनाही १८. फक्त लग्नाला मुलगा तीन वर्षांनी मोठा! मुलीचे वयही २१ करण्याचे विधेयक २०२१ च्या डिसेंबरात लोकसभेत मांडले गेले, समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाल्यावर रद्दबातल झाले. कायदा मोठ्या बायकोला मना करत नाही, हे खरे. पण नवरा थोडा मोठाच असतो हे गृहीतक कायद्याच्याच पुस्तकात बसले आहे, ते अजून तसेच आहे.

दुसरा पुरावा आपल्या भाषेत आहे. बायको नवऱ्याला 'अहो' म्हणते, नवरा बायकोला 'अगं' म्हणतो. नव्या जोडप्यांत हे बदलले आहे, पण सासरच्या माणसांसमोर कितीतरी मुली अजून 'अहो'वर येतात. या 'अहो'ला टेकू कशाचा? वयाचा. नवरा मोठा असला की बायकोने मान ठेवणे आपोआप योग्य वाटते. तो लहान असला की मान ठेवायचा तर कोणत्या आधारावर, असा पेच पडतो. आमच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी मला हाच प्रश्न सरळ विचारला : "उद्या लग्न केलेत तर तो तुझे ऐकणार की तू त्याचे?" मला त्यांचा राग आला नाही. उलट त्यांनी आतली गोष्ट बाहेर काढली. अट वयाची नाहीच, अट ऐकण्याची आहे. आमच्या खात्यात ज्येष्ठतेची यादी असते, तिच्यात ज्याचे नाव वर त्याचे म्हणणे वर. लग्नाचीही तशीच यादी असावी आणि तिच्यात पहिले नाव पुरुषाचे असावे, यासाठी ही तीन ते पाच वर्षांची सोय केलेली आहे.

'आपली संस्कृती' म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. १८७३ साली महादेव गोविंद रानडे यांची पहिली पत्नी वारली. ते तेव्हा ३१ वर्षांचे होते, सुधारकांत गणले जात होते, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि ११ वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केले. फरक २० वर्षांचा. रमाबाई पुढे फार मोठ्या झाल्या, पुण्याच्या सेवासदनाचे काम त्यांनी उभे केले. पण म्हणून ११ वर्षांच्या मुलीला कुणी न विचारता बोहल्यावर उभे केले ही गोष्ट पुसली जात नाही.

१८९९ साली गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' रंगभूमीवर आले. आपल्या गोव्यात हे नाटक किती ठिकाणी, किती जत्रांतून झाले असेल याची गणती नाही. म्हातारा भुजंगनाथ, पैशासाठी मुलगी द्यायला निघालेला कांचनभट, आणि शारदा. नाटक जरठकुमारी विवाहाविरुद्ध आहे हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. पण ते लग्न शेवटी कशाने मोडते, आठवते का? वर आणि वधू सगोत्र निघतात म्हणून! म्हाताऱ्याचे वय सगळ्यांना उघड्या डोळ्यांनी दिसत होते, पोरीचे रडणे ऐकू येत होते, पण लग्न थांबवायला ते पुरले नाही. देवलांना आपला समाज किती चांगला कळला होता!

आणि गोव्याचे काय? देवळांच्या सावलीत कलावंत घराण्यांतल्या कोवळ्या मुली आणि त्यांना आश्रय देणारे प्रौढ, पैसेवाले पुरुष, ही व्यवस्था इथे पिढ्यान् पिढ्या चालली. त्या पुरुषांसाठी भाषेने शब्द दिला तोही केवढा भारदस्त : यजमान! राजाराम पैंगीणकरांचे 'मी कोण?' हे आत्मचरित्र ज्यांनी वाचले आहे त्यांना त्या व्यवस्थेची आतली बाजू सांगायला नको. तिथे वयाची वजाबाकी कुणी केली नाही. तेव्हा संस्कृतीचा दाखला देऊन मला आठ वर्षांचा हिशेब विचारू नका.

आता जे आक्षेप ऐकायच्या लायकीचे आहेत त्यांच्याकडे वळते.

पहिला आक्षेप : "बाई लवकर म्हातारी होते, मग पुरुषाचे काय?" उत्तर जनगणनेत आहे. भारतात बायका पुरुषांपेक्षा सरासरी दोन-तीन वर्षे अधिक जगतात. त्यात नवरा तीन-चार वर्षांनी मोठा घ्यायचा. म्हणजे शेवटची पाच-सात वर्षे बाईने एकटीने काढायची, ही तरतूद आपण लग्नाच्या दिवशीच करून ठेवतो. २०११ च्या जनगणनेत देशात चार कोटींहून अधिक विधवा होत्या. विधुर त्यांच्या एक तृतीयांशाहूनही कमी. पुरुष लवकर जातात, आणि मागे राहिलेले पुन्हा लग्न करतात, हीही कारणे आहेतच. पण वयाची ही अट त्यांत भर घालते. बायको चार वर्षांनी मोठी असती तर दोघे जवळजवळ बरोबरच म्हातारे झाले असते. म्हातारपणाची एवढी काळजी असेल तर जाहिरात उलटी छापायला हवी.

दुसरा आक्षेप : "मुले?" हा प्रश्न खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. ज्यांना स्वतःचे मूल हवे आहे त्यांनी बाईच्या वयाचा विचार करायलाच हवा. पण मग पुरुषाच्याही वयाचा करा. ५४ व्या वर्षी लग्न केलेल्या माणसाला मूल झाले तर ते दहावीला बसेल तेव्हा बाप सत्तरीत असेल, हे पेढे खाताना कुणी बोलले नाही. दत्तकविधानाच्या २०२२ च्या सरकारी नियमांत यावर मला फार शहाणपणाची गोष्ट सापडली. दोन वर्षांपर्यंतचे मूल हवे असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या आत असावी लागते. मूल मोठे असेल तशी ही मर्यादा वाढते. कोण मोठा, कोण लहान, हे नियम विचारत नाही. सरकार वजाबाकी करत नाही, बेरीज करते! मुलाच्या दृष्टीने तेच बरोबर आहे. त्याला सांभाळणारी दोन माणसे किती वर्षे धडधाकट राहतील, एवढाच त्याचा प्रश्न.

तिसरा आक्षेप दबक्या आवाजात येतो : "तो तुझ्या घरावर डोळा ठेवून आहे." गोव्यात हा प्रश्न पोकळ नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आपल्याकडे १८७० पासून लागू झाली आणि मुक्तीनंतरही लग्नाच्या मालमत्तेपुरती ती चालू राहिली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता समाईक होते, वाडवडिलांकडून आलेलीसुद्धा, आणि प्रत्येकाचा अर्धा वाटा ठरतो. वेगळे हवे असेल तर लग्नाच्या आधी रीतसर दस्त करावा लागतो. लग्न झाल्यावर तो बदलता येत नाही. तेव्हा माझी काळजी असणाऱ्यांनी मला एवढेच विचारावे : "दस्ताचे काय ठरले?" हा उपयोगाचा प्रश्न आहे. तो २५ वर्षांच्या मुलीला आणि ३० वर्षांच्या मुलालाही विचारला पाहिजे. पण आपण हॉल, कॅटरर आणि पत्रिकेचा कागद ठरवतो, दस्ताचे नाव काढत नाही. माझ्या बाबतीत मात्र लग्नाचा पत्ता नसताना सगळ्यांना एकदम मालमत्ता आठवते.

इथवर वाचून काही वाचक खूश झाले असतील. "बरोबर आहे! प्रेमाला वय नसते!" त्यांच्याशीही माझे भांडण आहे. प्रेमाला वय असते. आणि जिथे ते विचारायचे तिथे आपण विचारत नाही, ही माझी मूळ तक्रार आहे.

रखमाबाईंची गोष्ट आठवा. ११ व्या वर्षी त्यांचे लग्न लावले ते त्यांच्याहून आठेक वर्षांनी मोठ्या दादाजी भिकाजींशी. म्हणजे फरक जवळपास आमच्याएवढाच, पंचांगाला आणि नातेवाइकांना पसंत पडणारा. पण मोठ्या झाल्यावर रखमाबाईंनी नांदायला जायचे नाकारले. १८८४ साली नवऱ्याने मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने सांगितले, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. पुढे तडजोड झाली, त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन परतल्या. वजाबाकीच्या हिशेबाने त्या लग्नात काहीच चूक नव्हती. चूक होती ती ही, की 'नाही' म्हणायची किंमत एका माणसाला तुरुंग आणि दुसऱ्याला शून्य.

माझ्या मते विचारायचा प्रश्न हाच. दोघांपैकी कुणी 'नाही' म्हटले तर त्याचे काय बिघडेल? नोकरी जाईल? परीक्षेतले गुण जातील? डोक्यावरचे छप्पर जाईल? ज्याचे काहीतरी जाणार आहे त्याच्या 'हो'ला फारसा अर्थ नाही, मग फरक दोन वर्षांचा असो की वीस. अठराच्या आत तर चर्चाच नको. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठराखालची व्यक्ती बालक ठरवली आहे, तिच्या संमतीला कायद्यात किंमत नाही, आणि तिथे 'प्रेम' हा शब्द मोठ्या माणसाने तोंडातसुद्धा आणू नये.

या प्रश्नाने मोजायला लागलो की चित्र बदलते. इमॅन्युएल माक्रोन २०१७ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांची पत्नी २४ वर्षांनी मोठी, यावर जगभर विनोद झाले. त्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष झालेले डोनाल्ड ट्रम्प आपल्या पत्नीहून जवळजवळ २४ वर्षांनीच मोठे. त्यांच्या वजाबाकीवर तेवढे हसू कुणाला आले? पण माक्रोन जोडप्याला मी सरसकट माफीही देणार नाही. त्यांची ओळख झाली तेव्हा तो शाळकरी मुलगा होता आणि ती त्याच्या शाळेत शिक्षिका. विचारायचे तर ते विचारा. २४ हा आकडा त्यापुढे काहीच नाही. आणि घरचे उदाहरण हवे असेल तर सचिन तेंडुलकरचे घ्या. १९९५ साली त्याने लग्न केले ती अंजली त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी, डॉक्टर, स्वतःच्या पायावर उभी. तिथे दोघांनाही 'नाही' म्हणता येत होते. ज्याच्या शतकासाठी आपण देवाला नारळ ठेवले त्याच्या घरातली ही साधी गोष्ट आपल्या वधूवरांच्या पानावर मात्र पोहोचली नाही.

आता कचेऱ्यांकडे या. नाव कुठल्याच कचेरीचे घेत नाही, कारण हे चित्र कुठल्या एका ठिकाणचे नाही. कंत्राटावर आलेली २३ वर्षांची मुलगी. दर वर्षी करार नवा व्हायचा असतो. पन्नाशीतले कायम नोकरीतले साहेब तिला रोज गाडीतून बसस्टँडपर्यंत सोडतात, संध्याकाळी मेसेज पाठवतात, जेवायला घेऊन जातात. मजल्यावर याला काय म्हणतात? "साहेब मनाने तरुण आहेत." कराराच्या फाईलवर सही कुणाची होणार, हे त्या मुलीला ठाऊक असते आणि साहेबांनाही ठाऊक असते. इथे वय विचारा! इथे पगार विचारा, इथे सही विचारा! २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक कचेरीत तक्रारीसाठी अंतर्गत समिती असायला हवी. आपल्या मजल्यावरच्या समितीत कोण आहे हे किती जणांना सांगता येईल? जे लोक माझ्या आठ वर्षांचा हिशेब तोंडपाठ म्हणून दाखवतात, तेच त्या गाडीकडे पाहून मान फिरवतात. त्यांची नैतिकता नेमकी जिथे गरज नाही तिथेच जागी असते.

दुसऱ्याला लावलेली फूटपट्टी स्वतःला लावली नाही तर हा सगळा लेख फुकट. म्हणून सांगते. आमच्या दोघांत कायम नोकरी माझी आहे. महिन्याच्या शेवटी पगार माझ्या खात्यात जमा होतो, त्याला कार्यक्रम मिळाला तर पैसे मिळतात. स्वतःचे घर माझे आहे, तो भाड्याच्या खोलीत राहतो. म्हणजे जोर माझ्या बाजूला आहे. उद्या त्याला कंटाळा आला, दुसरी कुणी आवडली, नुसतेच नको वाटले, तर 'नाही' म्हणताना त्याचे काय जाईल, हे मला पाहावे लागते. म्हणून त्याने खोली सोडलेली नाही, आणि ती सोडू नये असा आग्रह माझा आहे. नवी संवादिनी घ्यायला त्याला मदत हवी होती, ती मी दिली नाही. त्याने पतसंस्थेतून कर्ज काढले आणि हप्ते तो फेडतो. माझ्या भावाला हे कंजूषपणाचे वाटले. मला वाटत नाही. उपकाराखाली दबलेल्या माणसाचे 'हो' मला नको आहे. पुरुष मोठा आणि कमावता असतो तेव्हा हाच विचार कितीजण करतात? तिथे बाईला मिंधी करून ठेवण्यालाच 'सांभाळणे' म्हणतात आणि चारचौघांत त्याचे कौतुक होते.

आमचे पुढे काय होईल ते आम्ही पाहू. लग्न करू किंवा करणार नाही. टिकेल किंवा टिकणार नाही; तीन वर्षांच्या पसंतीच्या फरकाची, पत्रिका जुळवून केलेली लग्नेही मोडतातच, त्यांच्या फाईली न्यायालयांत पडून आहेत. यश मिळाले तर आम्ही बरोबर आणि अपयश आले तर लोक बरोबर, असा हा सामना नाही.

मागते ते थोडेच आहे. तुमच्या घरात ३४ वर्षांची मुलगी ३० वर्षांच्या मुलाचे नाव घेऊन आली तर पहिल्या मिनिटाला बोटे मोजू नका. तो तिच्याशी बोलतो कसा, पैशाचे व्यवहार कसे करतो, तिने नकार दिला की त्याचा चेहरा कसा होतो, ते बघा. आणि तुमच्या घरातली २४ वर्षांची मुलगी ४० वर्षांच्या, बंगला-गाडीवाल्या स्थळाला होकार देत असेल, तर 'नशीब काढले' म्हणण्याआधी तिला एका खोलीत एकटीला बसवून विचारा : उद्या नको वाटले तर परत यायला जागा आहे, हे तुला माहीत आहे ना?

आणि चहाचा कप घेऊन येणाऱ्या त्या गृहस्थांसारखे कुणी वाचत असतील तर त्यांना एक नम्र सूचना. मोठी बाई आणि लहान पुरुष बरोबर दिसले आणि नाते कळले नाही, तर नुसता नमस्कार करावा. त्याला वय लागत नाही.